नऊ इंचांचं एव्हरेस्ट

शनिवार, २५ जुलै १९५३. पहाटेचे साडेपाच वाजले आहेत आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात. स्वयंपाकघरामागच्या कोठीत अनवाणी उभे आहात. फरशी दगडाची, भर जुलैतही पायांना गार लागणारी. घरात फ्रिज नाही. गावातल्या फार थोड्या घरांत आहे. दूध, लोणी, कालचं उरलेलं मटण, सगळं इथंच असतं, उत्तरेकडच्या भिंतीला लागून. आज मात्र खालच्या फळीखाली पत्र्याची एक बादली आहे आणि तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेली फुलं. काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुम्ही ती तोडून आणली. रात्रभर अंधारात आणि गारव्यात खोल पाण्यात ठेवलं, की देठ पोटभर पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी तंबूच्या उकाड्यात माना टाकत नाहीत. हे शाळेत कुणी शिकवलेलं नाही. आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं.

हा इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा डॉर्सेट परगणा आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं गाव या परगण्यात कुठंही सापडलं असतं: चर्च, पब, एक शाळा, पोस्टाची खिडकी असलेलं दुकान आणि पाठीशी खडूच्या दगडाची गवताळ टेकडी. आज गावाचं वार्षिक प्रदर्शन आहे. पुरुष कांदे, बटाटे, शेंगा आणि गूसबेरी घेऊन येतील. बायका जॅम आणि केक. साखर अजून रेशनवर असल्यामुळे केकमधल्या साखरेचा हिशेब अख्ख्या गावाला कळतो. आणि पांढऱ्या तंबूच्या एका कडेला, मोठ्यांच्या टेबलापेक्षा थोडं बुटकं एक लांब टेबल असेल. ते तुमचं.

नियमपत्रक महिनाभर तुमच्या उशाखाली होतं. गुलाबी कागदाचं, घड्यांवर फाटत आलेलं. त्यातला मुलांचा गट तुम्हाला तोंडपाठ आहे. वय अकराच्या आत. विषय: ‘आठवणीत राहील असं वर्ष’. फुलं बागेतली किंवा रानातली, विकत आणलेली नकोत. मांडणी कोणत्याही बाजूनं नऊ इंचांपेक्षा मोठी नको, रुंदी, खोली आणि उंची तिन्ही धरून. मोठ्यांचा हात लागता कामा नये. प्रवेश फी एक पेनी. पहिलं बक्षीस दोन शिलिंग.

या पत्रकाचा मला आदर वाटतो. मुलांसाठी म्हणून त्यात काहीही सैल सोडलेलं नाही. पलीकडच्या मोठ्यांच्या गटाला जसा विषय आहे, माप आहे, वेळेची मर्यादा आहे, तशीच तुम्हालाही आहे. दहा वर्षांच्या पोराला कुणीतरी कागदावर लिहून सांगतंय की तुझ्या कामाकडे आम्ही पट्टी घेऊन बघणार आहोत.

विषय वाचल्याबरोबर गावातल्या बहुतेक मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. २ जूनला लंडनमध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला. दिवसभर पाऊस आणि अवेळी थंडी. ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी लोकांनी तो सोहळा टेलिव्हिजनवर पाहिला. त्यांत तुम्हीही होता, दुकानदाराच्या बैठकीच्या खोलीत, पडदे ओढून केलेल्या अंधारात, जमिनीवर बसून, इतक्या लहान पडद्यापुढे की राणीचा मुकुट तुमच्या नखाएवढा दिसत होता. शाळेत सगळ्यांना राणीचं चित्र असलेला कप मिळाला. ब्रिटनच्या झेंड्यातले लाल, पांढरं, निळं, हे तीन रंग तेव्हापासून दारोदार झळकत आहेत. दुकानाच्या काचेत, सायकलींच्या चाकांत, कुत्र्यांच्या गळ्यात.

पण त्याच मंगळवारी सकाळी ‘द टाइम्स’मध्ये दुसरी बातमी होती. २९ मे रोजी एडमंड हिलरी आणि शेर्पा तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. मास्तरांनी नकाशा खाली ओढला आणि काठीनं हिमालय दाखवला. पुस्तकात उंची २९,००२ फूट दिली होती. तेनसिंग दार्जिलिंगला राहतो, हेही त्यांनी सांगितलं आणि दार्जिलिंग हे नाव तुम्हाला फक्त चहाच्या डब्यावरून माहीत होतं. त्या दिवसापासून एक गोष्ट तुमच्या मनातून जात नाही. सगळे विचारतात, आधी कुणाचं पाऊल पडलं? वर्तमानपत्रांत वाद, पबमध्ये वाद. जूनमध्ये काठमांडूत दोघांनी सहीनिशी जाहीर केलं, की आम्ही जवळजवळ एकदमच पोचलो. तुम्हाला ते उत्तर आवडलं. एका दोरीला बांधलेली दोन माणसं, त्यांत पहिला कोण नि दुसरा कोण?

म्हणून तुम्ही मुकुट करणार नाही. नऊ इंचांत एव्हरेस्ट करणार. वहीच्या मागच्या पानावर भागाकारही करून झालाय: एका इंचात तीन हजार दोनशे फुटांहून थोडं जास्त.

काल संध्याकाळी तुम्ही टेकडीवर गेलात, तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. या टेकडीवरचं गवत बोटाच्या पेराएवढंच वाढतं, कारण ससे ते सतत कुरतडत असतात. शेतकरी सशांना शिव्या देतात, पण ते गवत असं खुरटं ठेवतात म्हणूनच इवल्या फुलांना ऊन मिळतं. गुडघे टेकून बसलं की जांभळी रानथाइम दिसते, पिवळी बर्ड्सफूट ट्रेफॉइल दिसते, आणि नाक खाली नेलं तर आयब्राइटचं पांढरं फूल, ज्याच्या पाकळीवर जांभळ्या रेघा आणि पिवळा ठिपका आहे. उभं राहून चालणाऱ्याला ते दिसत नाही. गेल्या महिन्यापर्यंत तुम्हालाही दिसलं नव्हतं. नऊ इंचांच्या अटीनं तुम्हाला गुडघ्यांवर आणलं. मोठ्या फुलाला त्या चौकटीत जागाच नाही.

बर्फासाठी कुंपणाच्या झुडपांतून हेज बेडस्ट्रॉ घेतलं, पांढऱ्या फुलांचा फेस. त्याच्याच पिवळ्या बहिणीचं वाळलेलं गवत पूर्वी गाद्यांत भरायचे. आणि सगळ्यांत शेवटी हेअरबेल. निळसर घंटा, केसासारख्या बारीक देठावर, वाऱ्याशिवायही हलणाऱ्या. तुम्हाला दोनच हव्या होत्या, एकाच उंचीच्या. अंधार पडेपर्यंत शोधल्या. खाली येताना गल्लीच्या तोंडाशी गुलाबी विलोहर्बचे तुरे उभे होते. लंडनहून आलेला मामेभाऊ त्यांना बॉम्बवीड म्हणतो, कारण युद्धात बॉम्ब पडलेल्या जागांवर, विटांच्या ढिगांत तीच उगवली होती. ती घेतली नाहीत. फार उंच.

रानातलं गवतकाडं घेऊन स्पर्धेत जायचं, याची तीस वर्षांपूर्वी कदाचित लाज वाटली असती. आज वाटत नाही, आणि त्यामागे एक बाई आहे. कॉन्स्टन्स स्प्राय. १९२१ पासून काही वर्षं ती पूर्व लंडनमध्ये, कारखान्यात राबणाऱ्या गरीब पोरांच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. पुढे १९२९ साली लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर एका अत्तराच्या दुकानाची काच तिनं सजवली ती हॉपच्या वेलांनी, कुंपणावरच्या रानवेलींनी, आणि त्यांच्या शेजारी हिरवी ऑर्किड्स ठेवून. बघायला गर्दी झाली. कोबीच्या जातीची केलची पानंसुद्धा फुलदाणीत शोभतात हे तिनं मोठ्या घरांना दाखवलं. यंदा राज्याभिषेकाच्या फुलांच्या सजावटीची जबाबदारी तिच्याकडेच होती. तुमच्या आईनं तिचे लेख मासिकातून कापून पाककृतींच्या वहीत चिकटवले आहेत. युद्धानंतर ज्युलिया क्लेमेंट्स गावोगावच्या महिला मंडळांतून पुष्परचनेवर बोलत फिरल्या, आणि इथून जवळच्या डॉर्चेस्टरमध्ये मेरी पोप यांच्या पुढाकारानं बायकांनी फ्लॉवर क्लब काढला. रेशन, चिंध्यांचे पडदे आणि वर्षानुवर्षं बागेत फक्त बटाटे लावल्यानंतर बायकांना फुलांची भूक लागली होती, असं मला वाटतं. आणि आयांची भूक मुलांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

साडेसहा. बादलीतून फुलं काढून तुम्ही ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळता. पांढरा खडूचा दगड पिशवीत आहे, पिशवीसकट जड. शेवाळ कोकोच्या डब्यात. मटणाच्या पेस्टची एक चपटी काचेची बरणी, आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीचा हातभर तुकडा, चुरगाळून गोळा केलेला. हाच फुलांना धरून ठेवणार. पुढच्या वर्षी अमेरिकेत ओहायोमध्ये ओअॅसिस नावाचा हिरवा स्पंज निघेल, पाणी शोषणारा, ज्यात देठ खुपसला की हलत नाही. १९५३ साली त्याची कुणाला खबर नाही. आज या तंबूत जाळी असेल, ओली वाळू असेल, शेवाळ असेल, फार तर आईच्या कपाटातला खिळ्यांचा ठोकळा, तळाशी प्लॅस्टिसिननं चिकटवलेला.

सायकलच्या पुढच्या टोपलीत फुलं ठेवून तुम्ही निघता. रस्ता चढाचा, आणि कागद वाऱ्यानं वाळतो.

तंबूत शिरल्याबरोबर आधी वास येतो. पायांखाली चेचलेलं गवत, तापायला लागलेलं कापड, कांदे, आणि या सगळ्यांवरून तरंगत येणारा स्वीट पीचा गोड वास. गणवेशासारखा अॅप्रन घातलेली बाई तुमची पेनी घेते, वहीत नाव लिहिते आणि हातात एक कार्ड ठेवते, नाव आतल्या बाजूला, दुमडलेलं. परीक्षकांना नाव दिसता कामा नये. “तुझी जागा ती, खांबापासून चौथी,” ती सांगते. “साडेदहाला शिट्टी. मग हात मागं.”

दोन्ही बाजूंना नजर टाकायची नाही असं ठरवून आलेले असता, तरी टाकताच. लाल, पांढरं, निळं. लाल जिरेनियम, पांढऱ्या डेझी, निळे कॉर्नफ्लॉवर, पुन्हा लाल, पांढरं, निळं. झेंडूचा पिवळा मुकुट, त्यात मोत्यांऐवजी पांढऱ्या बेरी. कुणीतरी पिठाच्या चाळणीवर सिंहासन केलंय आणि माप चुकल्यामुळे रडवेलं झालंय. या टेबलावर हुशारीची कमी नाही. एकाच गोष्टीकडे सगळ्यांनी एकदम पाहिलंय, एवढंच.

तुमच्या डाव्या हाताला एक मुलगी शांतपणे काम करतेय. तिच्या सपाट ताटलीत अंडी उभी ठेवायचे तीन छोटे कप आहेत. एकात लहानसा गुलाब, एकात काटेरी थिसल, तिसऱ्यात लीकचं गोल फूल आणि त्याच्या पायाशी क्लोव्हरची पानं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. तुम्हाला पटकन कळतं: राणीचा झगा. नॉर्मन हार्टनेलनं शिवलेल्या त्या पांढऱ्या सॅटिनवर ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांची चिन्हं भरतकामात होती, कॅनडाचं मेपल, ऑस्ट्रेलियाची वॉटल, न्यूझीलंडची फर्न, पाकिस्तानचा गहू, कापूस आणि ताग. भारत तर १९५० पासून प्रजासत्ताक होता, राणी त्याची राणी नव्हती. तरी राष्ट्रकुलाचा सदस्य म्हणून झग्यावर भारताचं कमळ होतं. मुलीकडे मेपल नाही, वॉटल नाही. पण ताटलीच्या मध्यात, पाण्यावर, तिनं गिरणीच्या तळ्यातली एक पांढरी वॉटरलिली ठेवली आहे. डॉर्सेटमध्ये कमळाच्या सगळ्यांत जवळचं जे मिळालं, ते. भारत कुठं आहे हे तिला नकाशावर दाखवता येईल की नाही कोण जाणे. त्याच्यासाठी तिनं मधली जागा ठेवली.

उजवीकडे एक मुलगा. जॅमच्या बरणीत फक्त पॉपी, युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचं फूल, दुसरं काही नाही. रानातली लाल पॉपी तोडल्यावर लगेच देठाचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावं लागतं, तेव्हा तिचा पांढरा चीक आतच थांबतो आणि फूल थोडं टिकतं. त्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तो बरणी जरा वळवतो आणि एक पाकळी गळते. हात लावतो, दुसरी गळते. मग तो हात लावायचाच थांबतो. त्याचा मोठा भाऊ सक्तीच्या लष्करी सेवेत आहे, कोरियात. सगळ्या गावाला माहीत आहे. त्याच्यासाठी आठवणीत राहील असं वर्ष कुठलं, हे त्याला कार्डावर लिहावं लागलेलं नाही.

आता तुमचं. दगड उभा करता. मागे काचेची बरणी लपवता, तिच्यात जाळी, जाळीत पाणी. पायथ्याशी शेवाळ, शेवाळात थाइमचे जांभळे ठिपके, मधे मधे पिवळी ट्रेफॉइल, कारण दार्जिलिंगच्या बाजूला बहुतेक फुलं असतील असं तुम्हाला वाटतं. दगडाच्या खांद्यांवरून बेडस्ट्रॉचा फेस. पुढच्या कपारीत एकच आयब्राइट. शेवटी दोन्ही हेअरबेल, दगडाच्या टोकामागून वर. सायकलवरच्या वाऱ्यानं त्या जरा मलूल झाल्यात, माना कललेल्या, पण एकसारख्या कललेल्या. तुम्ही शाळेची लाकडी पट्टी लावता. पावणेनऊ इंच. पुन्हा लावता. पावणेनऊ. कुठलं फूल हिलरी आणि कुठलं तेनसिंग, ते तुम्ही मनाशी ठरवलं आहे आणि कुणालाही सांगणार नाही.

शिट्टी होते.

साडेदहा ते दोन ही वेळ कशी जाते ते फार सांगत नाही. पबच्या खिडकीत रेडिओ ठेवलाय. हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाविरुद्धची चौथी कसोटी चालू आहे, आजचा तिसरा दिवस, आणि लेन हटनच्या संघाकडून गावातल्या म्हाताऱ्यांना इतक्या वर्षांनी अॅशेस परत हवी आहे. फेब्रुवारीपासून गोळ्या-चॉकलेटं रेशनमुक्त झाली आहेत, तेव्हा खिशातल्या तीन पेनींचं काय करायचं हा प्रश्न सुटलेला आहे. तुम्ही तंबूला तीन प्रदक्षिणा घालता. कापडाखालून परीक्षक बाईंचे तपकिरी बूट दिसतात. ते तुमच्या टेबलाशी थांबतात. खूप वेळ थांबतात. मग पुढे सरकतात, आणि परत मागे येतात.

दोन वाजता दोर सोडला जातो. धावायचं नाही असं आईनं बजावलेलं असतं. तुम्ही भरभर चालता.

पहिलं बक्षीस, लाल कार्ड, झग्याच्या ताटलीला. वॉटरलिली दुपारनंतर मिटायला लागली आहे, पण मुलीला त्याचं काही नाही; ती आपल्या आजीचा हात धरून तिथंच उभी आहे. दुसरं, निळं कार्ड, रिकाम्या होत चाललेल्या जॅमच्या बरणीला. खाली पांढऱ्या कापडावर पाकळ्या पडल्या आहेत, आणि कार्डावर पेन्सिलीनं लिहिलंय: ‘गळलेल्या पाकळ्या उचलल्या नाहीत, हे योग्य केलं.’ मुलगा ते वाचतो आणि बापाकडे बघतो. बाप टोपी काढून हातात धरतो. परवा, म्हणजे सोमवारी, २७ जुलैला, कोरियात युद्धविरामावर सह्या होणार आहेत. आज तंबूतल्या कुणालाही ते माहीत नाही.

तुमच्या दगडापुढे रंगीत कार्ड नाही. तुमचंच पांढरं कार्ड उलटून ठेवलेलं आहे आणि त्यावर तीन शब्द: ‘मांडणी नियमपत्रकाप्रमाणे नाही.’ ब्रिटनमधल्या कुठल्याही प्रदर्शनात यापेक्षा कडू शेरा नाही. याचा अर्थ तुमचं काम वाईट ठरलं असा नाही. ते मोजलंच गेलं नाही.

तुम्ही वर बघता आणि कळतं. दोन हेअरबेल ताठ उभ्या आहेत. टोपलीत कोमेजलेले देठ बरणीतलं पाणी प्यायले, तंबूच्या कापडातून येणाऱ्या उजेडाकडे सरळ झाले, आणि एक दुसरीपेक्षा पाव इंच वर गेली. पट्टीची गरजच नाही. सव्वानऊ.

पण तीन शब्दांखाली अजून काहीतरी आहे. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, कार्डाच्या कडेपर्यंत गेलेलं: ‘टेबलावरची सर्वांत चांगली कल्पना. आयब्राइट पाहण्यासाठी मला वाकावं लागलं, धन्यवाद. फुलं मांडणीनंतरही हलतात आणि वाढतात. त्यांच्यासाठी नेहमी अर्धा इंच मोकळा ठेवावा. पुढच्या वर्षी वाट पाहते.’

माझ्या दृष्टीनं त्या तंबूतली सर्वांत मोलाची वस्तू हे कार्ड आहे. परीक्षक बाईंना दोन सोपे रस्ते होते. पोर लहान आहे म्हणून पाव इंचाकडे डोळेझाक करायची आणि तिसरं बक्षीस द्यायचं. किंवा तीन शब्द लिहून पुढे जायचं. पहिला रस्ता घेतला असता तर नऊ इंचांत मांडणी चोख बसवणाऱ्या डावीकडच्या मुलीवर अन्याय झाला असता, आणि तुम्हालाही आतून कळलं असतं की मला सवलत मिळाली. दुसरा घेतला असता तर तुम्ही पुन्हा या टेबलाकडे फिरकला नसता. त्यांनी नियमही पाळला आणि मुलाचंही बघितलं. त्यासाठी पेन्सिल आणि पाच मिनिटं लागली.

तुम्ही कार्ड खिशात घालता. रडू येतं, पण कोकोचा डबा आवरता आवरता थांबतं. आई काही बोलत नाही, दगड ती स्वतः उचलते, आणि वाटेत विचारते, “ते वाकून बघायचं फूल कुठलं म्हणाल्या?” तुम्ही तिला परतताना टेकडीवर नेता.

ती टेकडी आत्ताच नीट बघून घ्या. याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, केंट परगण्यात सशांचा मिक्झोमटोसिस रोग सापडेल आणि दोन वर्षांत देशातले जवळजवळ सगळे ससे मरतील. शेतकरी खूश होतील. पण कुरतडणारं कुणी न उरल्यावर टेकड्यांवरचं गवत उंच होईल, मग झुडपं येतील, आणि आयब्राइटला ऊन मिळेनासं होईल. खालच्या कुरणांचं त्याहून वाईट होईल. युद्धकाळात अन्नासाठी नांगर फिरला होताच. आता खतं, तणनाशकं आणि जादा धान्याचं सरकारी धोरण येईल. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची कुरणं ९७ टक्क्यांनी घटली. त्या लांब टेबलावर जॅमच्या बरण्यांत जे उभं होतं, ते त्या गावाच्या कुरणाच्या शेवटच्या काही नोंदींपैकी एक होतं, आणि ते मुलांनी तयार केलं होतं.

बाकीच्या गोष्टी पुढे ज्या व्हायच्या त्या झाल्या. सप्टेंबर १९५३ मध्ये साखर रेशनमुक्त झाली, जुलै १९५४ मध्ये मांसही, आणि चौदा वर्षांचं रेशनिंग संपलं. १९५५ साली आत्मचरित्रात तेनसिंगनं सांगून टाकलं, की शेवटचं पाऊल आधी हिलरीचं पडलं आणि मी मागोमाग पोचलो. तुमची एक हेअरबेल वर गेली होती, ती अगदीच चुकीची नव्हती. १९५९ मध्ये ब्रिटनभरच्या फ्लॉवर क्लबांची राष्ट्रीय संघटना झाली आणि मेरी पोप तिच्या अध्यक्ष झाल्या. १९८१ च्या कायद्यानं जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटायला बंदी घातली. गावोगावच्या प्रदर्शनांत मुलांचं टेबल अजून लागतं.

हे आपल्याकडेही सहज करता येण्यासारखं आहे, म्हणून तुम्हाला एवढ्या लांब नेलं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, आणि फुलांसाठी आपली शहरं किती गर्दी करतात ते तिथं दिसतं. तालुक्याच्या शाळेला एवढा मोठा थाट नको. भाद्रपदात एक शनिवार ठरवा. मुलांना सांगा, टाकळा, कुर्डू, तेरडा अशी बांधावर भरपूर असलेलीच फुलं आणा, मुळासकट काही उपटू नका, आणि कास पठार किंवा कुठल्याही राखीव जागेतलं एकही फूल आणू नका. विषय द्या. माप द्या, नऊ इंच पुरे. आईबाबांना दाराबाहेर बसवा. पट्टी खरोखर लावा. आणि ज्या मुलाला काही मिळालं नाही त्याच्या कार्डावर का नाही मिळालं ते दोन ओळींत, स्वच्छ अक्षरात लिहा.